अर्गोनॉमिक कळफलक व माउस

अर्गोनॉमिक कळफलक व माउस ही संगणकाची अशी निविष्टी साधने होत, ज्यांचा आकार व कळांची मांडणी मानवी हाताच्या नैसर्गिक ठेवणीला धरून केलेली असते. मनगट, कोपर व खांदा यांवर पडणारा ताण कमी करणे हा त्यांचा हेतू असतो. बाजारात ही साधने बहुधा बिनतारी स्वरूपात व जोडीने विकली जातात. त्यामुळे 'बिनतारी' आणि 'अर्गोनॉमिक' हे दोन गुण एकच असल्याचा समज रूढ झाला आहे, पण तो बरोबर नाही. साधनाचा आकार, संगणकाशी जोडणी आणि कळांवरील अक्षररचना या तीन स्वतंत्र बाबी आहेत. मराठीतून चालणाऱ्या कार्यालयीन कामात यांतील तिसऱ्या बाबीचे महत्त्व इंग्रजीपेक्षा बरेच अधिक आहे. या साधनांविषयीचे उपलब्ध लेखन मात्र जवळजवळ सर्व रोमन लिपी गृहीत धरून झालेले आहे.

संज्ञा

'अर्गोनॉमिक्स' हा शब्द ग्रीक भाषेतील 'एर्गोन' (काम) आणि 'नोमोस' (नियम) या दोन शब्दांपासून बनला. पोलिश शास्त्रज्ञ वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी तो 1857 मध्ये प्रथम वापरला. माणसाला कामाच्या मापात बसवण्याऐवजी काम व साधने माणसाच्या मापात बसवणे, हे या शास्त्राचे सूत्र आहे. मराठीत त्यासाठी एकच सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही. बोलण्यात व बाजारात 'अर्गोनॉमिक' हाच शब्द चालतो. जाहिरातींमध्ये मात्र तो इतका सैल वापरला जातो, की केवळ कडा गोलसर असलेल्या सरळ कळफलकालाही हे विशेषण लावलेले आढळते.

हाताची ठेवण आणि ताण

सरळ, आयताकृती कळफलकावर दोन्ही हात ठेवले असता मनगटाला तीन दिशांनी वाकावे लागते. कळांच्या ओळी सरळ असतात आणि कोपरे शरीराच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे पंजा करंगळीच्या बाजूला मुरडतो. तळवा पूर्णपणे खाली वळवावा लागतो, म्हणून कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताला पीळ पडतो. कळफलकाच्या मागच्या बाजूचे पाय उघडून तो उतरता केला की मनगट वरच्या दिशेने वाकते. हे पाय उघडण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याने कळांवरील अक्षरे नीट दिसतात, पण मनगटाची स्थिती बिघडते.

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडे व एक मजबूत अस्थिबंध यांनी बनलेला अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि 'मीडियन' नावाची एक चेता जाते. मनगट वाकलेले असताना या बोगद्यातील दाब वाढतो. चेतेवर दीर्घकाळ दाब राहिल्यास अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेचा काही भाग यांत मुंग्या येणे, बधिरपणा व रात्री वाढणारी वेदना अशी लक्षणे दिसतात. या विकाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, थायरॉइडचे विकार, संधिवात व गर्भारपण हीदेखील त्याची कारणे असतात. म्हणून अशी लक्षणे दिसल्यास केवळ कळफलक बदलून थांबणे योग्य ठरत नाही, वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. प्रत्यक्षात संगणकावर काम करणाऱ्यांना याहून अधिक वेळा मान, खांदा व कोपराजवळचे स्नायू दुखण्याचा त्रास होतो.

विकास

आजच्या कळफलकाचा सरळ, पण तिरकस ओळींचा साचा क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांच्या टंकलेखन यंत्रातून आला. 1870 च्या दशकात रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. कळांना जोडलेल्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून कळांच्या उभ्या रांगा तिरक्या ठेवाव्या लागल्या. दांड्या गेल्या, तिरकेपणा मात्र राहिला. कळफलक मधोमध दुभागून दोन्ही भाग हातांच्या रेषेत तिरके ठेवावेत, ही कल्पना जर्मनीत ई. ए. क्लोकेनबर्ग यांनी 1926 मध्येच मांडली होती. कार्ल क्रोमर यांनी 1972 मध्ये अशा विभक्त कळफलकावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच दशकात ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट व स्टीफन हॉबडे यांनी 'माल्ट्रॉन' हा खोलगट वाटीसारखा कळफलक तयार केला. सामान्य ग्राहकापर्यंत हा प्रकार पोहोचला तो 1994 मधील मायक्रोसॉफ्टच्या 'नॅचरल' कळफलकामुळे. आज सर्वाधिक दिसणारा, मध्यभागी उंचावलेला व लाटेसारखा वळलेला एकसंध कळफलक हा त्याचाच वंशज आहे.

माउस

डग्लस एंगेलबर्ट यांच्या प्रयोगशाळेत 1964 च्या सुमारास बनलेला पहिला माउस म्हणजे लाकडी ठोकळा होता. त्यानंतर माउसचा आकार तळव्यात बसण्याजोगा झाला, तरी तळवा खालीच राहिला. उभा माउस हस्तांदोलनाच्या स्थितीत धरला जातो, त्यामुळे हाताचा पीळ कमी होतो. गोळ्याच्या माउसमध्ये, म्हणजे ट्रॅकबॉलमध्ये, साधन जागचे हलत नाही व फक्त गोळा अंगठ्याने किंवा बोटांनी फिरवला जातो. अंगठ्याने फिरवायच्या प्रकारात सगळा भार एकट्या अंगठ्यावर जातो, हे खरेदीच्या वेळी सहसा लक्षात येत नाही.

माउसच्या आकाराइतकेच त्याचे स्थान महत्त्वाचे असते. पूर्ण आकाराच्या कळफलकात उजवीकडे अंकांचा स्वतंत्र गट असतो. त्याच्या पलीकडे माउस ठेवला की उजवा हात शरीरापासून दूर जातो व खांद्याचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. लेखा शाखेतील कर्मचाऱ्याला अंकगट आवश्यक असतो. टिपणी व पत्रे लिहिणाऱ्याला तो क्वचितच लागतो. अशा व्यक्तीने अंकगट नसलेला साधा कळफलक घेतला, तरी महागड्या साधनाइतका लाभ मिळू शकतो. डाव्या हाताने माउस वापरणे हा तर विनाखर्चाचा उपाय आहे. उभे माउस मात्र एकाच हातासाठी घडवलेले असतात व डाव्या हाताचे नमुने कमी मिळतात.

संशोधनातून काय दिसते

विभक्त कळफलकाने मनगटाची स्थिती सुधारते, हे मोजमापांनी स्पष्ट झाले आहे. अमेरिकेत रिचर्ड मार्कलिन व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मनगटाचे करंगळीकडील वळण सरळ कळफलकावर सुमारे 12 अंश होते. योग्य रीतीने बसवलेल्या विभक्त कळफलकावर ते सरळ रेषेपासून 5 अंशांच्या आत आले. त्रास कमी होतो का, या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात हाताचे विकार असलेल्या 80 संगणक वापरकर्त्यांना सहा महिने निरनिराळे कळफलक देण्यात आले. वेदना घटण्याचा व हाताचे कार्य सुधारण्याचा कल एकाच प्रकारच्या विभक्त कळफलकाच्या गटात दिसला, आणि तोही काही महिन्यांनंतर. कार्पल टनेल सिंड्रोमवर अर्गोनॉमिक साधनांचा उपयोग होतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष 2012 मधील कॉक्रेन समीक्षेने काढला.

माउसच्या बाबतीतही अशीच संमिश्र स्थिती आहे. पीटर कीर व सहकाऱ्यांच्या 1999 मधील अभ्यासात माउसवर हात नुसता ठेवण्यापेक्षा पडद्यावरील वस्तू ओढताना मनगटातील दाब बराच वाढलेला आढळला. तीन वेगवेगळ्या आकारांच्या माउसमध्ये मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उभ्या माउसने रुग्णांच्या मनगटाचे वळण कमी झाले, पण बोगद्यातील दाब घटला नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे 7,000 व्यक्तींची वर्षभर पाहणी करणाऱ्या 2003 मधील अभ्यासात कळफलकाचा वापर व कार्पल टनेल सिंड्रोम यांचा ठळक संबंध आढळला नाही. आठवड्याला 20 तासांहून अधिक माउस वापरणाऱ्यांमध्ये मात्र लक्षणांचे प्रमाण वाढलेले दिसले. यावरून साधनाच्या आकारापेक्षा त्यावर सलग किती वेळ हात राहतो, याला अधिक वजन द्यावे लागते.

मराठी टंकलेखन आणि कळरचना

1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानुसार राज्याचा कारभार देवनागरी लिपीतील मराठीतून चालतो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा दर मिनिटाला 30 शब्दांचा किंवा इंग्रजीचा 40 शब्दांचा वेग प्रमाणपत्राने सिद्ध करावा लागतो. ग्रामीण व आदिवासी भागांतील अनेक तरुणांसाठी टंकलेखनाचा वर्ग ही शासकीय नोकरीची पहिली पायरी असते. त्यामुळे कळफलकावरील मराठी अक्षरांची रचना ही हजारो हातांच्या रोजच्या श्रमाशी निगडित बाब आहे.

देवनागरी टंकलेखनाची रेमिंग्टन रचना यांत्रिक टंकलेखन यंत्रासाठी बनली. तिच्यात अक्षरे कागदावर दिसतात त्या क्रमाने उमटवावी लागतात. 'वि' लिहिताना आधी वेलांटी व नंतर 'व', तर रफार अक्षरानंतर. गोदरेज कंपनीने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले. पुढे अशा यंत्रांवर शिकलेल्या पिढ्यांनी हीच रचना संगणकावर नेली, आणि ती आजही अनेक मराठी आज्ञावल्यांत पर्याय म्हणून उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये सर्व प्रमुख भारतीय लिप्यांसाठी 'इन्स्क्रिप्ट' ही समान रचना ठरवली. 1991 च्या आयएस 13194 या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने दाबली जातात. स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. 'ो', 'े', हलन्त, 'ि' व 'ु' या वारंवार लागणाऱ्या खुणा डाव्या हाताच्या मधल्या ओळीत, तर 'प', 'र', 'क', 'त', 'च' हे उजव्या हाताच्या मधल्या ओळीत आहेत.

व्यंजन उजवीकडे व मात्रा डावीकडे असल्याने हात आळीपाळीने चालतात. एका हाताचे बोट कळ दाबत असताना दुसरा हात पुढच्या कळेकडे सरकू शकतो. टंकलेखनाच्या दृष्टीने ही आदर्श स्थिती मानली जाते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर या गावाचे नाव याचे नेमके उदाहरण आहे. 'र', 'ा', 'ज', 'ू', 'र' या पाच कळा उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा अशा क्रमाने पडतात आणि शिफ्टची गरज एकदाही भासत नाही.

मात्र मराठीतील सर्वच शब्द इतके अनुकूल नसतात. राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अशा प्रकल्प कार्यालयांकडे शासकीय आश्रमशाळा, वसतिगृहे व आदिवासी विद्यार्थ्यांच्या योजना यांचे काम असते. तेथील पत्रव्यवहारात 'आश्रमशाळा' हा शब्द सतत येणार. इन्स्क्रिप्टमध्ये तो लिहिण्यास नऊ कळा लागतात आणि त्यांपैकी चार वेळा ('आ', दोनदा 'श' व 'ळ') शिफ्ट दाबून धरावी लागते. 'आणि' या अत्यंत सामान्य शब्दाच्या तिन्ही कळा डाव्या हाताच्या आहेत. त्यांपैकी 'आ' व 'ण' या दोन शिफ्टसह व एकाच मध्यमेने दाबाव्या लागतात. 'कळफलक' या शब्दाच्या पाचही कळा उजव्या हाताच्या आहेत. ख, घ, छ, थ, ध, भ यांसारखी महाप्राण अक्षरे, तसेच ण, ळ, श, ष आणि स्वतंत्र स्वर शिफ्टवर असल्याने मराठी टंकलेखनात करंगळीवर इंग्रजीच्या मानाने कितीतरी जास्त भार पडतो. इंग्रजीत शिफ्ट मुख्यतः वाक्याच्या आरंभी व विशेषनामांना लागते, मराठीत ती शब्दाच्या मध्यातही लागते.

या पार्श्वभूमीवर विभक्त कळफलकाचे लाभ व अडचणी वेगळ्या रूपात समोर येतात. बहुतेक विभक्त कळफलकांत रोमन 'बी'ची कळ डाव्या भागात असते. इन्स्क्रिप्टमध्ये ती 'व'ची कळ आहे. साध्या कळफलकावर ती दोन्ही तर्जनींपासून जवळपास सारख्या अंतरावर असल्याने अनेक जण ती उजव्या बोटाने दाबतात. 'ि'ची कळ डाव्या तर्जनीखाली आहे. त्यामुळे विभक्त कळफलकावर 'वि'साठी एकाच बोटाला खालच्या ओळीतून मधल्या ओळीत यावे लागते. 'विकास', 'विभाग', 'विषय', 'विनंती' या शब्दांनी भरलेल्या शासकीय मराठीत ही लहानशी गैरसोय दिवसातून शेकडो वेळा घडते. काही नमुन्यांत 6 या अंकाची कळही डाव्या भागात गेलेली असते. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ती 'त्र' देते. उजव्या तर्जनीने व डाव्या शिफ्टने 'त्र' उमटवण्याची सवय असलेल्या टंकलेखकाला दोन्ही हातांची अदलाबदल करावी लागते. दुसरीकडे, ज्या कळफलकांत अंगठ्यांसाठी अनेक कळा असतात व त्यांची कामे बदलता येतात, तेथे शिफ्ट अंगठ्यावर आणता येते. मराठीपुरता हा लाभ विभक्त आकारापेक्षाही मोठा ठरू शकतो.

आणखी एक व्यावहारिक अडचण अक्षरांच्या छपाईची आहे. देवनागरी अक्षरे छापलेले साधे कळफलक भारतात मिळतात, परंतु अर्गोनॉमिक नमुन्यांवर बहुधा फक्त रोमन अक्षरे असतात. न पाहता टंकलेखन करणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. पाहून टंकलेखन करणाऱ्याला चिकटपट्ट्यांचा आधार घ्यावा लागतो, आणि कळांकडे पाहण्यासाठी मान वाकवत राहिल्यास मनगटाला मिळालेला आराम मानेच्या दुखण्यात खर्ची पडतो.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत शिकण्यास सोपी असली, तरी तिच्यात कळा जास्त पडतात. 'कळफलक' हा इन्स्क्रिप्टमध्ये पाच कळांचा शब्द रोमन पद्धतीने लिहिताना दुप्पट कळा लागतात, कारण 'अ'कार वेगळा दाबावा लागतो. अधूनमधून लिहिणाऱ्यास हे चालते, दिवसभर लिहिणाऱ्यास नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात देवनागरीसाठी 'कीलेख' हा वेगळ्या रचनेचा कळफलक व पुढे मोबाइलसाठी 'स्वरचक्र' विकसित करण्यात आले. लिपीच्या अंगाने कळफलकाचा विचार करणारे हे उल्लेखनीय प्रयत्न होत. कार्यालयीन संगणकावर मात्र इन्स्क्रिप्ट व रेमिंग्टन यांचेच चलन राहिले.

नवे साधन न घेताही मराठी टंकलेखनाचा भार हलका करता येतो. विंडोजमधील 'स्टिकी कीज' ही सोय चालू केल्यास शिफ्ट दाबून धरावी लागत नाही, ती एकदा टिचकून सोडली तरी पुढच्या अक्षरास लागू होते. 'क्ष', 'त्र', 'ज्ञ', 'श्र' यांसाठी इन्स्क्रिप्टच्या अंकांच्या ओळीत स्वतंत्र कळा आहेत, त्या वापरल्यास प्रत्येकी दोन दाब वाचतात. 'एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प' यासारखी वारंवार येणारी लांब नावे शब्दलेखक आज्ञावलीच्या स्वयंदुरुस्ती सूचीत लघुरूपाने नोंदवून ठेवता येतात. दोन अक्षरांत पूर्ण नाव उमटवणारी ही सोय कोणत्याही आकाराच्या कळफलकापेक्षा बोटांना अधिक विश्रांती देते, तरी कार्यालयांत ती फारशी वापरात दिसत नाही.

बिनतारी जोडणी

बिनतारी कळफलक व माउस दोन प्रकारे जोडले जातात. एका प्रकारात यूएसबी छिद्रात बसवायचा छोटा ग्राहक असतो, तर दुसऱ्यात संगणकातील ब्लूटूथ वापरले जाते. दोन्ही 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात आणि कमी शक्तीच्या अशा वापरासाठी हा पट्टा भारतात परवानामुक्त आहे. बिनतारीपणाचा अर्गोनॉमिक लाभ मर्यादित, पण खरा आहे. तारेची ओढ नसल्याने साधन हव्या त्या कोनात व अंतरावर ठेवता येते. दोन स्वतंत्र भागांच्या कळफलकात हे विशेष उपयोगी पडते. संगणकाचा खोका टेबलाखाली दूर असल्यास तारेमुळे कळफलक टेबलाच्या मागच्या बाजूला ओढला जातो, तोही प्रश्न सुटतो.

ग्राहक संगणकाच्या मागील छिद्रात, पत्र्याच्या खोक्याआड बसवल्यास कळा गळण्याचा अनुभव येतो. तो पुढच्या छिद्रात किंवा छोट्या जोडतारेने टेबलावर आणल्यास ही तक्रार सहसा दूर होते. विद्युतघट संपत आल्यावरही अशीच लक्षणे दिसतात. राखीव घट व एक तारेचा साधा कळफलक हाताशी असणे कार्यालयात आवश्यक ठरते.

सुरक्षिततेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी 2016 मध्ये दोन प्रकारचे दोष उघड केले. अनेक कंपन्यांच्या बिनतारी ग्राहकांना दुरून बनावट कळदाब पाठवता येत होते. काही स्वस्त कळफलक तर टंकलेला मजकूर सांकेतिक रूपात न बदलता तसाच प्रक्षेपित करत होते. लाभार्थ्यांची बँक खाती, आधार क्रमांक व संकेतशब्द ज्या टेबलावर टंकले जातात, तेथे सांकेतिकीकरणाचा स्पष्ट उल्लेख असलेले साधन किंवा सरळ तारेचा कळफलक घेणे इष्ट ठरते.

मांडणी आणि सराव

अर्गोनॉमिक साधन चुकीच्या उंचीवर ठेवल्यास त्याचा उपयोग होत नाही. कोपर शरीराजवळ, साधारण काटकोनात आणि कळफलक कोपराच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावा. भारतीय कार्यालयांतील टेबले मुख्यतः हाताने लिहिण्याच्या दृष्टीने बनलेली असल्याने टंकलेखनासाठी ती उंच पडतात. खुर्ची वर घेतल्यास पाय लोंबकळतात, म्हणून पायांखाली पाट किंवा कागदांचा गठ्ठा ठेवावा लागतो. मनगटाखालची गादी ही थांबल्यावर तळहात टेकण्यासाठी असते. टंकलेखन चालू असताना तीवर मनगट दाबून धरल्यास बोगद्यावरचा दाब उलट वाढतो.

विभक्त कळफलकावर सुरुवातीस वेग घटतो व चुका वाढतात. पूर्वीचा वेग परत येण्यास काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचा काळ लागतो. रोज थोडा वेळ नव्या साधनावर व उरलेले काम जुन्या साधनावर करत हा बदल हळूहळू करता येतो. टंकलेखन प्रमाणपत्राची किंवा भरतीची कौशल्य चाचणी देणाऱ्या उमेदवाराने मात्र परीक्षेपूर्वी हा बदल करू नये. चाचणीच्या केंद्रावर साधा, सरळ कळफलकच समोर असतो आणि 'व'कडे जाणारे बोट एकदा बदलले की वेळेच्या ताणात ते पुन्हा जुन्या जागी वळवणे कठीण जाते.